माडीवरचा फोन

नेटचं कनेक्शन पुन्हा तुटलं. "तू जेवलीस का?" एवढं तिच्या नवऱ्यानं, अरसलाननं, सौदीतल्या दम्मामहून लिहिलं होतं. नाहिद उत्तर टाइप करत होती, तेवढ्यात तो कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नाहीसा झाला.

दिग्रसची दुपार अर्धवट झोपेत होती. पूर्वी या दिवसांत जिनिंगच्या कारखान्यातली रुई हवेत तरंगत खिडकीतून आत यायची, ताटातल्या भातावरसुद्धा बसायची. कापसाचं सगळंच बिघडलं, जिनिंग बंद पडलं, आणि आता खिडकीतून नुसतं ऊन यायचं. नाहिदचे सासरे मोहिउद्दीन तिथेच फिटर होते. पोरगा परदेशी निघाला तेव्हा ते त्याला सोडायला बसस्टँडवरही गेले नाहीत. तेव्हापासून बापलेकांत शब्द नव्हता.

नाहिदनं वायर बदलून पाहिली होती, मॉडेमही नवं आणलं होतं. आज कॉम्प्युटरच्या दुकानातून शादाब आला होता. तारा चाचपत तो जिन्यापाशी थांबला.

"भाभी, लाइन चांगली हाय. पन खालचा-वरचा फोन एकाच लाइनवर हाय. माडीवरचा फोन कोणी तरी उचलून राह्यलं. तो उचलला का नेट गेलंच."

माडीवर तर सासरेच होते. नाहिदच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतः मुलाशी बोलायचं नाही, आणि सुनेलाही बोलू द्यायचं नाही! ती ताडताड जिना चढली.

मोहिउद्दीन रिसीव्हर कानाशी धरून, डोळे मिटून बसले होते. झोपेत हसावं तसे हसत होते.

"अब्बा, फोन कायले उचलता?"

"तूच म्हणतं ना बेटी, अरसलान लाइनवर हाय. म्हून आईकतो." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "लई दूरचा आवाज हाय. सूंऽऽ करून काही तरी सांगते, मले समजत नाही. थोडंसं बोलते आन् चूप होते. मी हाय हे कळते काय गं त्याले? अजून रागावूनच हाय?"

 नाहिदनं त्यांच्या हातातला रिसीव्हर हळूच घेऊन जागेवर ठेवला. खाली येऊन पुन्हा नेट जोडलं. मॉडेम किंचाळून शांत झालं. अब्बा जे बोलले ते तिनं जसंच्या तसं लिहिलं.

 पडद्यावर अरसलानची एकच ओळ आली.

"लाइन मोकळी कर."

नाहिदनं आपल्या हातानं कनेक्शन तोडलं. थोड्या वेळानं दोन्ही फोन एकदमच वाजू लागले. खालचा तिनं उचलला नाही.