चौथा ठोका

चर्चच्या रिट्रीटच्या, म्हणजे प्रार्थना-शिबिराच्या, तिसऱ्या दिवशी, दुपारच्या प्रवचनात, फादर बोलता बोलता पुन्हा थांबले.

चारशे माणसांचं सभागृह गप्प झालं. उंच खिडक्यांतलं ऊन फरशीवर लांबच लांब पसरलं होतं. पंखे संथ फिरत होते. कोणी डोळे मिटले, कोणी हात जोडले.

"काय थांबतात हो!" सून कुजबुजली. "अंगावर काटा येतो. त्यांची खरी प्रार्थना तेव्हाच चालते म्हणे."

"हं," बाई म्हणाल्या.

छत्तीस वर्षं त्यांनी पहिली-दुसरीची पोरं शिकवली होती. फादर प्रार्थना करत नव्हते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते 'प'पाशी अडले होते, लहानपणी त्यांच्या वर्गात अडायचे तसेच. पण हे त्या सुनेलाही बोलल्या नव्हत्या, आणि तीन दिवसांत फादरांना भेटायलाही गेल्या नव्हत्या. उगाच अवघडून जायचा, म्हणून शेवटच्या बाकावर बसून होत्या.

'प' सुटला. 'प्रेम' बाहेर पडलं. सभागृहाने निःश्वास सोडला.

जेवणानंतरची वेळ. बाईंचे डोळे जड झाले. बाकं हळूहळू लहान होत गेली. माणसांचे पाय जमिनीवरून सुटून लोंबायला लागले. खडूची धूळ उन्हात तरंगत होती, आणि तिसऱ्या बाकापाशी फादर उभे होते, सात वर्षांचे, हातात पुस्तक, ओठ घट्ट मिटलेले. त्यांचा शब्द सांगायला चाळीस पोरं टपलेली.

"गप्प बसा रे! त्याचा शब्द त्यालाच म्हणू दे. मला काही घाई नाही."

असं म्हणत बाई बोटाने टेबलावर ठोके देत होत्या. एक, दोन, तीन. चौथ्या ठोक्याला शब्द यायचा. यायचाच.

त्या जाग्या झाल्या त्या शांततेने.

"देव आपली वाट..." इतकं बोलून फादर थांबले होते. हे थांबणं वेगळं होतं. लांबतच चाललं होतं. मिटलेले डोळे एकेक करून उघडायला लागले. कोणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतल्या माणसाने शेजाऱ्याकडे पाहिलं. फादरांची मान खाली खाली चालली होती.

बाई सरसावून बसल्या. ती मान त्यांच्या ओळखीची होती. पूर्ण खाली गेली की पोरगा मटकन बसायचा, आणि मग दिवसभर तोंड उघडायचा नाही.

शब्द बाईंच्या जिभेवर होता. त्यांनी तो गिळला आणि पुढच्या बाकाच्या पाठीवर बोट टेकवलं.

टक.

टक.

दोन-चार माना वळल्या.

टक.

सुनेने झटकन त्यांचा हात धरला आणि मुठीत आवळला. "अहो आई, काय चाललंय तुमचं? लोक बघताहेत! फादर ध्यानात आहेत ना!"

हात काही सुटेना. बाई समोर बघत राहिल्या.

फादरांनी मान वर केली. त्यांची नजर बाकांवरून फिरत फिरत मागे आली, कोणाला तरी शोधत. मग त्यांचं बोट समोरच्या लाकडी मेजावर पडलं, आणि माईकमधून तो आवाज सगळ्या सभागृहात घुमला.

टक.

"पाहतो," फादर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "देव आपली वाट पाहतो. त्याला काही घाई नाही."

सुनेने बाईंचा हात सोडला आणि पदराने डोळे टिपले.

"कुठून सुचत असेल हो आई, यांना हे सगळं?"