म्हातारीची ओळख

"आधी दाखवा, मग सही करतो," काका म्हणाले, तेव्हा संशोधक मॅडम त्यांना भर दुपारी प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेल्या.

काका प्राणीघरातले. वीस वर्षं सशांचं खाणंपिणं, साफसफाई, दुखणंखुपणं सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यातली म्हातारी नावाची सशीण त्यांची फार लाडकी. उद्या तिचं सगळं रक्त एकदम काढायचं, म्हणजे तिला संपवायचंच, असा कागद मॅडमनी पुढे केला होता. खाली काकांची सही हवी होती.

मॅडमनी टेबलावर एक कोरा दिसणारा कागद ठेवला आणि दिवा मालवला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा काळोख. काकांना आपण झोपेतच उभे आहोत असं वाटू लागलं.

"पेशीच्या पडद्याला एक एन्झाइम घट्ट धरून बसलेलं असतं," मॅडमचा आवाज आला. "पडद्यातलं सगळं मी या कागदावर उतरवलंय. हजार गोष्टी असतील. त्यातलं ते एकच शोधायचं. म्हातारीच्या रक्तातली अँटिबॉडी ते बरोबर हुडकते, आणि सापडलं की तिथे उजेड पडतो."

हळूहळू कागदावर एक निळसर रेघ उजळली. एवढीशी, नखाएवढी.

"आईशप्पथ! हे आमच्या म्हातारीनं ओळखलं?"

"तिनंच. सहा सशांना त्या एन्झाइमचं इंजेक्शन दिलं होतं. बाकीचे पाच ढ निघाले."

काका अंधारातच हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"तिच्या रक्ताची एकच नळी उरलीय, काका. ती संपली की माझं सात वर्षांचं काम अर्ध्यावर."

"मग थोडं थोडं घ्या की."

"तिचं वय झालंय. एखाद्या सकाळी उठलीच नाही, तर?"

रेघ फिकी होत गेली. काका ती विझेपर्यंत बघत राहिले.

बाहेर आल्यावर ते डोळे चोळत म्हणाले, "मॅडम, एक सांगायचं राहिलंच. म्हातारी गेली. परवाच. पिंजऱ्यात आहे ती दुसरी."

उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. आवाज चिरकलाच.

मॅडम तडक प्राणीघराकडे निघाल्या. काका मागोमाग. खिडकीपाशच्या पिंजऱ्यात म्हातारी उन्हात पसरली होती. मॅडमनी तिला मांडीवर घेतलं आणि डावा कान उलटा केला. आत हिरव्या शाईत नंबर गोंदलेला होता, अगदी ठळक. सात वर्षं हाच नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं नळ्यांवर लिहिला होता.

बराच वेळ त्यांचं बोट नंबरावरून फिरत राहिलं. म्हातारीनं त्यांचा हात हुंगला आणि डोळे मिटून घेतले.

मॅडमनी कान अलगद सोडला.

"खरंच की हो, काका," त्या म्हणाल्या. "ही कुणीतरी दुसरीच दिसतेय."