किल्लीच्या भोकाला विभूती

शिवप्पांच्या कारचं अडकलेलं इग्निशन लॉक मेकॅनिक पीरसाबने खोललं, तर आत विभूतीचा पार दगड झालेला. गाडी सुखरूप परतावी म्हणून शिवप्पा दर खेपेला किल्लीच्या भोकाला विभूतीचं ओलं बोट लावत.

परवा त्यांच्या बायकोच्या, रत्नम्माच्या, छातीत कळ आली. तिला गाडीत बसवून शिवप्पांनी किल्ली घातली, ती फिरेना. दुसरी गाडी येईस्तोवर रत्नम्मा गेली.

"काय निघालं रे आत?" शिवप्पांनी विचारलं.

गिऱ्हाइकाची चूक चारचौघांत सांगितल्याशिवाय पीरसाबला जेवण जात नसे. पण आज त्याने विभूतीच्या खड्यावर मूठ मिटली. "गंज होता, अप्पा. लई जुनं लॉक ते. नवं बसवलंय."

"गंज कशाचा? त्या दिवशी घाईत मी विभूती लावायलाच विसरलो की," म्हणत शिवप्पांनी नव्या लॉकला ओलं बोट टेकवलं.