विळद घाटापर्यंत

"अवं, वरडा की. पोरगं कवाचं उभं हाय," लंकाबाई चुलीपुढून म्हणाली.

ओंकार अंगणात सावधान उभा होता. पाच किलोमीटर पळून आलेला, बनियन अंगाला चिकटलेलं, पण टाचा जुळलेल्या. समोर त्याचा ड्रायव्हर बाप राधाकृष्ण. रात्री दोनला मालकाची गाडी लावून घरी आलेला, आणि सकाळी साडेसहाला, चहाच्याही आधी, पोरावर ओरडायला उभा केलेला.

परवा ओंकारला लष्कराच्या ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचं होतं. पळणं झालं होतं, जोर-बैठका झाल्या होत्या, पाठीवर विटांचं पोतं घेऊन देवळाली प्रवराच्या सगळ्या पाट-चाऱ्या पालथ्या घालून झाल्या होत्या. राहिलं होतं ते एकच. मैदानावर पोरांची तयारी करून घेणारे माजी हवालदार रज्जाकभाई घरी येऊन सांगून गेले होते, "पाय तयार हायेत याचे, कान न्हाईत. त्या दिशी मी वरडलो तर मलाच म्हणतो, नीट बोला. तिथं शिकवणाऱ्या उस्तादाला असं बोलला तर सुनीलसारखा अकराव्या दिवशी घरी येईल. तुमी घरच्यांनी रोज अर्धा तास वरडा याच्यावर."

मागच्या गल्लीतला सुनील अकराव्या दिवशी परत आला होता खरा. तेव्हापासून तो दाढी करायलासुद्धा राहुरीला जात होता.

लंकाबाईने दोन दिवस जोर लावून पाहिला. पण तिचं ओरडणं जेवणावरच येऊन थांबायचं. "मुडद्या, मान सरळ धर!" म्हणायची आणि त्याच दमात, "दूध पिलास का?" तेव्हा हे खातं राधाकृष्णकडे आलं. राधाकृष्ण हॉर्नसुद्धा परवानगी मागितल्यासारखा वाजवायचा.

"ए ओंकार," त्याने सुरुवात केली. "पाय जरा... बरोबर हायेत म्हना पाय."

"सोयरिकीला आलाय का तुमी?" लंकाबाई म्हणाली.

राधाकृष्णने छाती भरून घेतली. "नालायका!" तो म्हणाला, आणि कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून शेजारच्या भिंतीकडे बघून घेतलं.

ओंकारला हसू फुटलं. "आप्पा, ऱ्हाऊ द्या. तुमच्यानं न्हाई व्हायचं."

राधाकृष्ण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. डोळे चोळले. जांभई आली ती पूर्ण देऊन टाकली. मग म्हणाला, "मला वरडता येत न्हाई, खरं हाय. ऐकून घ्यायला येतं. ते दावू का?"

उत्तराची वाट न बघता त्याने खुर्ची फिरवली आणि पोराकडे पाठ करून बसला. दोन्ही हात छातीसमोर धरले, स्टेअरिंगवर धरावेत तसे.

"मागं ये. तू मालक, मागच्या सीटवर. देवळालीतून निघालोय, नगरला चाललोय. आरसा मी आदीच वर करून ठेवलाय, म्हंजी तुझं तोंड मला दिसत न्हाई. उत्तर तोंडात आलं की गिअर टाकायचा. खाली जातं ते. मालकानं औंदा बिनगिअरची गाडी घेतली, तवापासनं जरा जड जातं." त्याने घसा साफ केला. "हं. पयला खड्डा आला. बोल."

"काय बोलू?"

"तुला कुनी बोललेलं सोसत न्हाई, ते बोल."

ओंकार मागे येऊन उभा राहिला. "ए, नीट चालव की," तो पुटपुटला.

"मालक हायेस तू. दुसरा खड्डा आला."

"आंधळा हायेस का?"

"तिसरा."

"बैला!" ओंकारचा आवाज एकदम सुटला. "लायसन कुनी दिलं तुला? डोळं काय गहान ठेवल्यात का? तुझ्यासारखं छप्पन पडल्यात रस्त्यावर! उद्यापासनं येऊ नगंस! उतर खाली! उतर म्हन्तो ना!"

गोठ्यातल्या गाईने मान वर केली. चुलीपुढे भाकरी थापल्याचा आवाज बंद झाला.

राधाकृष्ण समोरच्या बाभळीकडे बघत गाडी चालवत होता. खांदे हलले नाहीत. पापणीसुद्धा रोजच्या बेतानेच लवली. मान मात्र जराशी खाली आली आणि जिथे रोज थांबते तिथे थांबली. डावा हात तेवढा एकदा स्टेअरिंगवरून निघाला, नसलेला गिअर टाकून परत जागेवर आला. "व्हय मालक," तो म्हणाला, ना मोठ्याने, ना हळू.



राधाकृष्णने वाट पाहिली. इतक्या लवकर गप्प बसणाऱ्या मालकाची त्याला सवय नव्हती.

"थांबलास का?" त्याने मागे न वळता विचारलं. "आजून राहुरी बी न्हाई आली. आईवरच्या शिव्यांवर तर मालक विळद घाटात येत्यात."

मागे कोणीतरी नाक ओढलं. टाचा जुळल्याचा आवाज झाला.

राधाकृष्णने डावा हात वर नेला आणि आरसा जरासा खाली केला.