वसंताच्या नावाची नळी

“तुमच्या रक्तात आतड्याच्या कॅन्सरच्या जनुकांच्या खुणा दिसल्यात. म्हणजे रोग पक्का आहे असं नाही. पण जालन्याला जाऊन दुर्बिणीने तपासून घ्या. लवकर सापडला तर बरा होतो,” डॉक्टर तृप्ती म्हणाल्या.

वसंताने शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. शेजारी त्याची बायको उषाबाई उभी होती. ती पिंपळगाव रेणुकाईची आशा कार्यकर्ती. रक्ततपासणीच्या शिबिराची यादी तिनेच केलेली. तिनेही काही ऐकलं नाही, पण तिचं कारण वेगळं होतं.

शिबिराचा पहिला दिवस पुरुषांचा होता. वसंता सुईला लहान लेकरासारखा भ्यायचा. डोळे घट्ट मिटून त्याने एकदाचं रक्त दिलं आणि शेताची वाट धरली. मग त्याच्या रक्ताची नळी उषाबाईच्याच हातून फुटली. तो पुन्हा हात पुढे करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आशाताईच्याच घरचं नाव राहिलं तर गाव तोंडात शेण घालणार. रेशनची रांग असो की ग्रामसभा, त्याच्या जागी तीच उभी राहायची. इथेही राहिली.

“माझंच घ्या, शिस्टर. नवरा-बायकोचं काय येगळं असतंय?”

दमलेल्या नर्सबाईंनी घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या बायकांच्या यादीत स्वतःचं नाव लिहायचं उषाबाईच्या लक्षातही आलं नाही.

चार दिवस वसंता भिंतीकडे बघत बसून राहिला. उषाबाई धुणं धूत होती, लसीकरणाला जात होती. हातपाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे चालत होते. तिला भीती वाटत होती, आणि तीही धड वाटत नव्हती. पाचव्या दिवशी ती त्याच्यासमोर बसली.

“तुमची नळी फुटल्ती. तुमच्या नावावर मी माझं रक्त दिल्तं. ती खूण माझ्या रक्तातली हाय.”

वसंताने हात जोडले.

“आई रेणुकाई! वाचलो.”

तो पुढे काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याने फोन काढून अंबडला दिलेल्या लेकीला लावला.

“शीतल, रडू नको आता. रिपोर्ट माझा नव्हताच. समदं बराबर हाय घरी.”