वाजणारी सायकल

मिस्त्रीनं सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक हातानं फिरवलं आणि कान लावला. चाक आपलं गपगुमान फिरत राहिलं.

"वाजत नाही की रे," तो म्हणाला.

"रस्त्यावर वाजते," धाकटा म्हणाला.

त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. थोरला जाऊन महिना होत आला तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. दोघे भाऊ एकाच छापखान्यात कामाला होते. दादा मशीनवर, हा बायंडिंगला. जाता-येता सायकल दादा चालवायचा आणि हा मागे कॅरिअरवर बसायचा. आता हा एकटाच जात होता, आणि दारातून निघाल्यापासून पोचेपर्यंत सायकल टक टक करत होती.

धाकट्यानं घरी जमेल ते सगळं करून पाहिलं होतं. पॅडलं आवळली, घंटी काढून ठेवली, चेनला तेल घातलं. मिस्त्रीनं चेनला बोट लावलं तर ते काळंभोर होऊन आलं. तेल दिलंयस की आंघोळ घातलीयस, असं त्यानं विचारलं. इथे हसायला हवं, हे धाकट्याला कळलं, पण तोवर मिस्त्री पुढच्या कामाला लागला होता.

हल्ली त्याचं असंच होत होतं. दादाला पोचवून आला तेव्हाही त्याला रडू फुटलं नाही. ताटात वाढलं ते जेवला आणि झोपला. कुणी काही म्हटलं की तो बरं म्हणायचा. आता घर तुझ्यावर, असं पाहुणे म्हणाले, त्यावरही तो बरं म्हणाला. त्याला काही वाटतच नव्हतं.

फक्त काल वहिनी बोलली ते तेवढं टोचलं. सकाळी सायकल बाहेर काढली की ती खिडकी लावून घ्यायची. काल ती दारातच उभी राहिली. "भावजी, हे चालवायचे तेव्हा कधी वाजली नाही," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, की तो आवाज तिला सोसत नाही, थांबत नसेल तर उद्या भंगारवाल्याला देऊन टाकू. धाकटा सवयीनं बरं म्हणून बसला. दिवसभर पुठ्ठ्यांना खळ लावताना मात्र एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घोळत होती. सायकल द्यायची नाही. आज आल्या आल्या त्यानं मिस्त्रीला वहिनीच्या खिडकीचं आणि भंगारवाल्याचं सांगून टाकलं होतं.

मिस्त्रीनं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या. एकेक भाग पट्टीनं घट्ट बांधायचा आणि कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून यायची, अशी त्याची रीत होती. त्यानं मडगार्ड बांधलं, चेनकव्हर बांधलं, दिवा बांधला. दर वेळी तो मान हलवत परत येत होता.

माझंच चुकत असेल, असं धाकटा म्हणाला. मला कुठं चालवायची सवय आहे.

"मी चालवली तरी वाजतेच ना," मिस्त्री म्हणाला. "पुढं बसून नेमकं कळत नाही. तू मागं बस, आणि नीट कान दे."

धाकटा बसला. दोन्ही पाय एका बाजूला, उजवा हात सीटखाली. सायकल निघाली. समोर एक पाठ होती, मळकट शर्टातली, घामेजलेली. महिनाभर अंगावर येणारी दुकानं आणि दारं पुन्हा आडवी सरकू लागली. वळणावर त्याचे पाय आपसूक वर उचलले गेले. त्याला फार बरं वाटलं. इतकं, की तो कान द्यायचंच विसरला.

"कुठून येतोय?" मिस्त्रीनं मान न वळवता विचारलं.

धाकट्यानं ऐकलं. "येतच नाहीये."

मिस्त्रीनं ब्रेक दाबला. त्याला उतरवून तो एकटा थोडा पुढे गेला. टक टक. परत येऊन त्याला मागे बसवलं. आवाज बंद. मग तो सायकलमागे उकिडवा बसला, कॅरिअरची दांडी धरून त्यानं हलवली आणि नटबोल्ट काढला.

"हे बघ. रोज वजन पडून पडून भोक लांबट झालंय. माणूस बसला की दांडी दबून राहते. रिकामी असली की उडते." त्यानं बोल्ट तळहातावर घोळवला. "दादानं तुझ्याशिवाय कधी चालवलीच नसणार. ही वाजते हे त्याला ठाऊकच नव्हतं."

धाकटा वाकून बघत राहिला. भोकाची कड घासून चकचकीत झाली होती. त्यानं तिच्यावर बोट फिरवलं.

मिस्त्रीनं रबराचा तुकडा कापून मध्ये घातला, जाड वायसर लावला, नट आवळला. कॅरिअरवर मूठ आपटून पाहिली. काही वाजलं नाही. पट्ट्या सोडून त्यानं सायकल रस्त्यावर आणली आणि हँडल धरून उभा राहिला. वहिनीला सांग, आता खिडकी उघडी राहू दे, असं म्हणाला. "चल, एक चक्कर मारून बघ."

धाकटा आला आणि कॅरिअरवर बसला. दोन्ही पाय एका बाजूला, उजवा हात सीटखाली. बसून तो सायकल निघायची वाट बघू लागला.

मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला आणि तो वळसा घालून निघून गेला. मिस्त्रीनं हँडल सोडलं नाही.

"धाकट्या," तो म्हणाला, "पुढं बसायचं आता."