कंबरपट्ट्यातलं काळं

मुनाफचाचांनी कंबरपट्टा ट्यूबलाइटखाली धरला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हे कोणी केलं?"

"मी," निवेदिता म्हणाली. "बाबा गेल्यापासून तसाच काळा पडून होता. म्हटलं, न्यायला येतील तेव्हा स्वच्छ असावा."

देवघरातली चांदी घासतात तशी तिनं सुरुवात केली होती, चिंच आणि टूथपावडरनं. काळं निघेना, तेव्हा बाबांच्याच मशीनवर, पॉलिशच्या फिरत्या चाकावर, बफवर एकेक कडी धरली. दोन दिवस लागले. या फ्लॅटमध्ये बाबांसाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

चाचांनी चांदीवरून अंगठा फिरवला. याच शहरात, अझीझिया भागात त्यांचं चांदीचं दुकान होतं. बाबा बँकेतून सुटले की तिथे जाऊन बसत. जुने पट्टे दुरुस्त करायला तिथेच शिकले. चाचा हळू आवाजात सांगत गेले. पट्टा कॉकेशसमधला, शंभरावर वर्षांचा. ते काळं म्हणजे मळ नव्हता. चांदी, तांबं, शिसं आणि गंधक वितळवून कोरलेल्या वेलींमध्ये भरतात, तीच त्याची नक्षी. जुनी झिजली होती. तिच्या बाबांनी, गुरुनाथनं, सात महिने बसून ती पुन्हा भरली होती.

आता वेली शोधाव्या लागत होत्या.

पट्ट्याची मालकीण हॉलमध्ये बसली होती. उमामा, मक्केहून आलेली, मूळ कॉकेशसमधल्याच दागिस्तानची म्हातारी. पट्टा तिच्या आजीचा. गुरुवारी नातीचं लग्न होतं आणि नात तोच बांधणार होती.

"तिला काय सांगू?" चाचांनी विचारलं.

निवेदितानं मशीनवर कापड टाकलं.

"सांगा, बाबांचं काम राहून गेलं."

चाचा दाराशी थांबले. "गुरुनाथनं अपुरं काम कधी कुणाच्या हातात दिलं नव्हतं, बाळा."

त्यांना थांबवायला एक शब्द पुरला असता. ती चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यामागून हॉलमध्ये गेली.

चाचा अरबीत बोलले. बाबांचं नाव दोनदा आलं, एवढंच तिला कळलं. म्हातारीनं पट्टा मांडीवर आडवा घेतला आणि बराच वेळ पाहिला. तो लख्ख पांढरा होता. मग ती चाचांना काही म्हणाली.

"म्हणते, गेलेल्या माणसाकडे तक्रार करायची नसते. तिनं त्याला माफ केलं."

जायला उठताना म्हातारीनं निवेदिताचे दोन्ही हात हातात घेतले. नखांच्या कडांत काळं अडकलं होतं. तीनदा साबण लावूनही ते गेलं नव्हतं. म्हातारीनं ते पाहिलं. मग पट्ट्याकडे पाहिलं. मग तिची बोटं एकेक करून मिटवली, आणि मूठ धरूनच एक वाक्य बोलली.

मुनाफचाचांनी ते मराठीत सांगितलं नाही.